सांध्यांची मोकळीक : तिबेटी योगातील पूर्वाभ्यास आणि यवतमाळचा कष्टकरी देह

तिबेटी योगपरंपरेत मुख्य अभ्यासाला आरंभ करण्यापूर्वी सांधे मोकळे करण्याच्या पाच हालचालींचा एक स्वतंत्र संच सांगितलेला असून त्याला ‘त्सिगजोंग’ असे नाव आहे. ‘त्सिग’ म्हणजे सांधा आणि ‘जोंग’ म्हणजे सरावाने तयार करणे, वळण लावणे किंवा शुद्ध करणे. म्हणून या नावाचा अर्थ केवळ सांधे सैल करणे एवढाच होत नाही, तर सांध्याला त्याच्या पूर्ण चालीची सवय लावणे असा होतो. आपल्याकडे अशा हालचालींकडे बहुधा आसनांपूर्वीची किरकोळ तयारी म्हणून पाहिले जाते आणि वेळ कमी असला की प्रथम त्यांनाच कात्री लागते. तिबेटी परंपरेने मात्र त्यांना नाव दिले, संख्या ठरवून दिली, श्वासाशी त्यांची सांगड घातली आणि अभ्यासाच्या क्रमात त्यांचे स्थान निश्चित केले. ज्या जिल्ह्यातील बहुसंख्य माणसे शेतात वाकून, उकिडवे बसून किंवा पाठीवर ओझे घेऊन दिवस काढतात, त्या यवतमाळसारख्या जिल्ह्यातील वाचकाने या दृष्टीची ओळख करून घेणे अगत्याचे आहे, कारण कष्टाने शरीर बळकट होते हे खरे असले तरी तेवढ्याने सांधे मोकळे राहतात असे नाही.

‘यंत्र’ या शब्दाचा तिबेटी अर्थ

तिबेटमधील हालचालप्रधान योगाला ‘त्रूलखोर’ म्हणतात आणि संस्कृत ग्रंथांतील ‘यंत्र’ या शब्दासाठी तिबेटी भाषांतरकारांनी हाच शब्द योजला. यंत्र म्हटले की मराठी वाचकाला एकतर पूजेतील भौमितिक आकृती आठवते किंवा कारखान्यातील चालते साधन. त्रूलखोरचा अर्थ दुसऱ्या कल्पनेला अधिक जवळचा आहे. ‘खोर’ म्हणजे चाक किंवा फिरणे, आणि देह हे असे यंत्र आहे की ज्याचे भाग ठरावीक रीतीने फिरवले असता आतील वायूचा प्रवाह सुरळीत होतो, ही त्यामागची धारणा आहे. तिबेटी योगशास्त्र देहाचा विचार ‘त्सा’, ‘लुंग’ आणि ‘थिगले’ या तीन संज्ञांनी करते. त्सा म्हणजे नाडी, लुंग म्हणजे वायू आणि थिगले म्हणजे बिंदू, म्हणजेच देहातील सारभूत तत्त्व. वायू हा घोडा आणि मन हा त्यावरचा स्वार, अशी उपमा तिबेटी आचार्य वारंवार देतात. घोडा अडखळला की स्वारही डळमळतो, म्हणून मनाला स्थिर करण्याआधी वायूची वाट मोकळी करावी लागते आणि ती वाट जेथे आवळली जाण्याचा संभव अधिक, त्या जागा म्हणजे सांधे.

या परंपरेतील एक प्राचीन मानला जाणारा ग्रंथ ‘न्यिदा खाजोर’ म्हणजे ‘सूर्यचंद्रांचे मीलन’ हा असून तो आठव्या शतकातील तिबेटी भाषांतरकार वैरोचन यांच्या नावावर आहे. तिबेटमधील पहिल्या सात भिक्षूंमध्ये वैरोचनांची गणना होते आणि परंपरेनुसार ही विद्या हूंकार नावाच्या सिद्धाकडून पद्मसंभवांकडे व त्यांच्याकडून वैरोचनांकडे आली. विसाव्या शतकात ती तिबेटबाहेर शिकवण्याचे काम प्रामुख्याने चोग्याल नामखाई नोर्बू यांनी केले. पूर्व तिबेटमधील देर्गे येथे १९३८ मध्ये जन्मलेले नोर्बू १९६० मध्ये तिबेटविद्येचे अभ्यासक जुझेप्पे तुच्ची यांच्या निमंत्रणावरून इटलीत गेले, पुढे नेपल्स येथील विद्यापीठात त्यांनी तिबेटी भाषा व साहित्याचे अध्यापन केले आणि १९७० च्या दशकापासून ‘यंत्रयोग’ या नावाने हा अभ्यास ते शिकवू लागले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर ही पद्धत अनेक देशांत पोहोचली होती.

आधी श्वास, मग सांधे

यंत्रयोगात एकूण १०८ हालचाली मानल्या जातात आणि त्यांचा क्रम मोठा विचारपूर्वक बांधलेला आहे. अगदी प्रारंभी नऊ श्वासांची क्रिया असते, जिला ‘लुंगरो सेलवा’ म्हणजे शिळा वायू बाहेर टाकणे असे म्हणतात. साधक मांडी घालून ताठ बसतो, अंगठ्याचे टोक अनामिकेच्या मुळाशी दाबून धरतो आणि प्रथम एका नाकपुडीने, मग दुसऱ्या नाकपुडीने आणि शेवटी दोन्ही नाकपुड्यांनी, प्रत्येकी तीन वेळा, आतील हवा पूर्णपणे बाहेर सोडतो. त्यानंतर त्सिगजोंगच्या पाच हालचाली येतात. त्यांच्यापाठोपाठ श्वास घेणे, सोडणे आणि रोखणे यांवर ताबा मिळवून देणाऱ्या ‘लुंगसांग’ नावाच्या आठ हालचाली, नाड्यांना वळण लावणारे ‘त्साद्युल’ नावाचे पाच अभ्यास, आणि मगच पाच गटांत विभागलेली पंचवीस मुख्य यंत्रे व त्या प्रत्येकाचे तीन प्रकार येतात. म्हणजे सांध्यांची पाळी श्वासानंतर आणि श्वासावरील प्रभुत्वाच्या आधी येते. शिळा श्वास गेल्याशिवाय सांधा मोकळा करायचा नाही आणि सांधा मोकळा झाल्याशिवाय श्वास रोखायचा नाही, असा हा दुहेरी नियम आहे.

या नियमाचे कारण समजून घेण्यासारखे आहे. यंत्रयोगात शरीर एका स्थितीत दीर्घ काळ ठेवण्यावर भर नसतो; साधक श्वास घेत स्थितीत जातो, श्वास रोखलेला असेपर्यंतच तेथे थांबतो आणि श्वास सोडत बाहेर येतो, आणि या सर्वांची लय बहुधा चार मात्रांच्या मोजणीने सांभाळली जाते. श्वास रोखण्याचेही खुला, दिशा दिलेला, बंद, आकुंचित आणि रिकामा असे पाच प्रकार सांगितले आहेत. खांदा किंवा कंबर आखडलेली असेल तर चार मात्रांत हात वर पोहोचत नाही, मग माणूस हिसका देऊन तो वर नेतो, हिसक्याबरोबर श्वास अडतो आणि लय मोडते. ताठरलेला सांधा श्वासाला आपल्या गतीने चालायला भाग पाडतो, तर मोकळा सांधा श्वासाच्या गतीने चालतो. त्सिगजोंगचे सारे प्रयोजन या फरकात आहे.

सांधे तयार असण्याची दुसरी निकड तिबेटी योगातील कठीण अभ्यासांमुळे निर्माण होते. भारतीय सिद्ध नारोपा यांच्या सहा योगांच्या परंपरेत ‘बेप’ नावाच्या उड्या आहेत, ज्यांत साधक पद्मासनासारख्या मांडीत राहून वर उसळी घेतो आणि तशाच स्थितीत जाड गादीवर खाली येतो. गुडघा, घोटा आणि खुबा यांना पुरेशी तयारी नसताना असा प्रयत्न केल्यास इजा ठरलेलीच, म्हणून हे अभ्यास दीर्घ काळ गुरूच्या देखरेखीखाली आणि दीक्षा मिळालेल्यांनाच शिकवले जात. ल्हासा येथे पोताला प्रासादाच्या मागे असलेल्या ‘लुखांग’ म्हणजे नागमंदिराच्या सर्वांत वरच्या मजल्यावरील भित्तिचित्रांत अशा हालचाली करणारे योगी रंगवलेले आहेत. ती जागा दलाई लामांच्या खासगी ध्यानाची होती, यावरून ही विद्या किती जपून ठेवली जात होती याची कल्पना येते.

त्सिगजोंग प्रारंभी येते म्हणून सर्वच तिबेटी परंपरांत सांध्यांची हालचाल आरंभीच असते असे मात्र नाही. बाराव्या शतकातील फाग्मो द्रुपा यांच्या परंपरेला अनुसरून त्सोंगखापा (१३५७ ते १४१९) यांनी ज्या सहा शारीरिक क्रिया विशद केल्या, त्यांत कुंभासारखे भरणे, चाकासारखे फिरणे, आकड्यासारखे वळणे, वज्रबंधाची मुद्रा करून हात वर आकाशाकडे उचलणे व खाली दाबणे आणि बाणासारखे ताठ होणे या पाच क्रियांनंतर सहावी क्रिया डोके व संपूर्ण शरीर हलवून सांधे वाकवण्याची आहे. एका परंपरेने सांध्यांना अभ्यासाच्या दारात बसवले आणि दुसरीने अभ्यासाच्या अखेरीस; श्रमाच्या दोन्ही टोकांना सांध्यांची विचारपूस हवी, हे त्यावरून ध्यानात येते.

कापूस नेसणारे योगी

यवतमाळच्या वाचकाला या परंपरेशी जोडणारा एक शब्द तिबेटी भाषेतच सापडतो. तिबेटचे सर्वांत लोकप्रिय योगी मिलारेपा यांच्या नावातील ‘रेपा’ म्हणजे सुती वस्त्र नेसणारा. मार्पांचे शिष्य असलेले मिलारेपा आणि त्यांच्या परंपरेतील साधक हिमालयातील कडाक्याच्या थंडीत लोकर किंवा कातडे न पांघरता एकाच सुती वस्त्रावर राहत, कारण ‘तुम्मो’ नावाच्या अंतर्गत उष्णतेच्या योगाने देह ऊबदार ठेवता येतो असा त्यांचा अनुभव होता. तिबेटच्या पठारावर कापूस पिकत नाही. सुती कापड तेथे हिमालयाच्या दक्षिणेकडून जाई, आणि म्हणून साधनेची कसोटी पार केल्याची खूण ठरलेले ते वस्त्र मुळात उष्ण प्रदेशातील शेतात उगवलेले असे. ओले सुती कापड अंगावर सुकवण्याची परीक्षाही या परंपरेत सांगितली जाते. अमेरिकी वैद्य हर्बर्ट बेन्सन यांनी १९८१ मध्ये धरमशाला परिसरातील तीन भिक्षूंची तपासणी केली असता, तुम्मोच्या अभ्यासात त्यांच्या हातापायांच्या बोटांचे तापमान ८.३ अंश सेल्सिअसपर्यंत वाढल्याचे आढळले आणि हे निष्कर्ष १९८२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्रूलखोरच्या हालचाली या तुम्मो साधनेला आधार देण्यासाठीच प्रामुख्याने वापरल्या जातात.

भारत आणि तिबेट यांच्यातील ही देवाणघेवाण केवळ कापडापुरती नव्हती. हठयोगाच्या शिकवणीचा आज ज्ञात असलेला सर्वांत प्राचीन ग्रंथ ‘अमृतसिद्धी’ हा अकराव्या शतकाच्या सुमारास वज्रयानी बौद्ध वातावरणात रचला गेला, असे अभ्यासकांनी दाखवून दिले असून त्याच्या एका हस्तलिखितात संस्कृत मजकुरासोबत तिबेटी अनुवादही आहे. या ग्रंथातील महावेध ही क्रिया पुढे हठयोगात नितंब उचलून जमिनीवर टेकवण्याच्या रूपात रूढ झाली आणि तिबेटी बेपशी तिचे असलेले साम्य लक्षात आल्यावाचून राहत नाही. महाराष्ट्रापुरते पाहिल्यास, रत्नागिरी जिल्ह्यातील पन्हाळेकाजी येथील २९ लेण्यांच्या समूहात वज्रयानी बौद्ध आणि त्यानंतर नाथपंथी अशी वस्ती एकापाठोपाठ झाल्याचे स्पष्ट अवशेष आहेत. त्याच नाथपरंपरेतील ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये सिद्ध केलेल्या भावार्थदीपिकेच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे जे विस्तृत वर्णन केले, त्यामुळे नाडी, वायू आणि आसन यांची भाषा मराठी घराघरांत पोहोचली. तिबेटी योगातील त्सा आणि लुंग या कल्पना त्यामुळे मराठी मनाला सर्वस्वी परक्या नाहीत.

उखळ, बिजागरी आणि वंगण

सांध्यांच्या ज्ञानाचाही प्रवास असाच झाला. वाग्भटांचा ‘अष्टांगहृदय’ हा आयुर्वेदग्रंथ अकराव्या शतकाच्या सुमारास रिंचेन झांगपो या थोर भाषांतरकाराने तिबेटी भाषेत नेला आणि तिबेटी वैद्यकाच्या घडणीत त्याचा मोठा वाटा राहिला. त्याआधीच्या सुश्रुतसंहितेत देहात २१० संधी मानले असून त्यांचे आकारावरून आठ प्रकार केले आहेत, आणि त्यांची नावे ऐकताच कोणत्याही खेडेगावातील माणसाला ती आपल्या घरातील वाटावीत अशी आहेत. बोटे, मनगट, कोपर, गुडघा आणि घोटा यांचे सांधे उघडझाप करणारे, बिजागरीच्या जातीचे मानले आहेत. काख आणि जांघ येथील सांध्यांना ‘उलूखल’ म्हणजे उखळ म्हटले आहे, कारण उखळातील मुसळाप्रमाणे त्यांत हाडाचे गोल टोक खोलगट जागेत बसते आणि चहूकडे फिरू शकते. जबड्याच्या सांध्याला कावळ्याच्या चोचीची उपमा दिली आहे. सांध्यांत श्लेष्मा म्हणजे स्निग्ध द्रव असतो म्हणून ते सुखाने हलतात, जसे आसाला तेल घातले की चाक सहज फिरते, असेही सुश्रुतांनी म्हटले आहे. विदर्भात ज्याने बंडीच्या आसाला वंगण घातले आहे आणि वंगण आटल्यावर होणारा करकराट ऐकला आहे, त्याला या उपमेचा अर्थ सांगावा लागत नाही.

आधुनिक शरीरशास्त्र या उपमेला तपशील पुरवते. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते आणि प्रौढ माणसाच्या या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते. सांध्यावर भार आला की स्पंज दाबल्याप्रमाणे कूर्चेतील पाणी बाहेर येते आणि भार सुटला की ताजा द्रव आत शोषला जातो, म्हणून दाब आणि सुटका यांची आलटूनपालटून होणारी आवर्तने हेच कूर्चेचे जेवण होय. निरोगी गुडघ्यात हा द्रव जेमतेम काही मिलिलिटर असतो, आणि सांधा पूर्ण पल्ल्यात हलला तरच तो सर्व पृष्ठभागावर पसरतो. सांधा तासन्‌तास एकाच कोनात राहिला तर कूर्चेचा एक भाग सतत दाबाखाली राहतो आणि दुसऱ्या भागापर्यंत द्रव पुरेसा पोहोचत नाही. सांध्याभोवतीचे स्नायू, अस्थिबंध आणि आवरणही वापरात असलेल्या पल्ल्यालाच हळूहळू आपले मानू लागतात. ‘अंग आखडले’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा हीच प्रक्रिया सुरू झालेली असते.

पराटीच्या तासात

यवतमाळ जिल्हा कापसाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो आणि येथील शेतकामाचे वर्ष सांध्यांच्या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. पावसाळ्यात निंदणाला बसलेली बाई उकिडवी बसून तास पुढे सरकवते. तिचे गुडघे व खुबे पूर्ण दुमडलेले, पाठ पुढे वाकलेली आणि एक हात खुरप्यावर सतत चालणारा असतो. फवारणीच्या दिवसांत पंधरा-सोळा लिटरचा भरलेला पंप पाठीवर घेऊन चालणाऱ्या माणसाचे खांदे पट्ट्यांखाली दाबलेले राहतात आणि दांडा मारणारा हात एकाच चापात वरखाली होत राहतो. दिवाळीच्या आगेमागे सुरू होणारी वेचणी पुढे हिवाळाभर चालते. तेव्हा कमरेला बांधलेली ओटी भरत जाते, पराटीच्या उंचीप्रमाणे कंबर अर्धवट वाकलेली राहते, मान खाली असते आणि बोटे बोंडातून सरकी-कापूस उपसत शेकडो वेळा तीच उघडझाप करतात.

या कामांत शक्ती लागते, दम लागतो आणि चिकाटी लागते, पण सांध्यांच्या बाजूने पाहिल्यास चाल मात्र एकाच दिशेची असते. वेचणी करणारीची पाठ दिवसभर पुढे वाकते, मागे जवळजवळ कधीच वळत नाही. खांदा छातीपुढे काम करतो, डोक्यामागे क्वचितच जातो. खुबा दुमडतो, पण सुश्रुतांच्या उखळात मुसळ जसे चहूकडे फिरावे तसा तो फिरत नाही. उकिडवे बसण्याच्या सवयीमुळे खेड्यातील माणसाचे घोटे व खुबे शहरातील खुर्चीवर बसणाऱ्यापेक्षा बरेचदा अधिक लवचिक राहतात, हे मान्य करावेच लागते. परंतु ही लवचिकता एका वाटेची असते आणि तासन्‌तास त्याच स्थितीत राहण्याची किंमत गुडघ्याला मोजावी लागते. ‘दिवसभर राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला’ असा प्रश्न गावात हमखास विचारला जातो आणि तो प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर असे की, श्रमात सांधा कामाची गरज भागवतो, तर सांधे मोकळे करण्याच्या अभ्यासात माणूस सांध्याची गरज भागवतो; काम ज्या दिशा मागत नाही त्या दिशा सांध्याला परत मिळवून देणे, हा त्या अभ्यासाचा खरा विषय आहे.

विदर्भातील वाट

विदर्भाला ही जाण नवी नाही. अमरावती येथे १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ देशी व्यायामाचे मोठे केंद्र बनले आणि १९३६ मध्ये त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. आखाड्यात जोर-बैठकांना हात घालण्यापूर्वी अंग मोकळे करण्याची आणि मेहनतीनंतर मालिश करून सांधे फिरवण्याची रीत होतीच. नागपूर येथे जनार्दन स्वामींनी १९५१ मध्ये योगाभ्यासी मंडळ स्थापन केले आणि या मंडळाच्या वर्गांतून विदर्भातील सामान्य कुटुंबांपर्यंत योगाभ्यास पोहोचला. भारतातील इतर परंपरांनीही सांध्यांचा विचार स्वतंत्रपणे केला आहे. धीरेंद्र ब्रह्मचारी यांच्या सूक्ष्म व्यायामात हालचाली कंठापासून सुरू होऊन पायांच्या बोटांपर्यंत उतरतात, तर स्वामी सत्यानंदांच्या पवनमुक्तासन मालिकेच्या पहिल्या भागात त्या पायांच्या बोटांपासून वर चढत जातात. आंतरराष्ट्रीय योगदिनासाठी आयुष मंत्रालयाने तयार केलेल्या सर्वसामान्य अभ्यासक्रमातही प्रार्थनेनंतर लगेच मान, खांदे, कंबर आणि गुडघे यांच्या ‘चालन क्रिया’ ठेवल्या आहेत.

तिबेटी माणसेही विदर्भाला अनोळखी नाहीत. गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावाजवळ १९७२ मध्ये वसवलेली नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तो भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता, म्हणून ती आजही भंडारा वसाहत या नावाने ओळखली जाते. हिवाळ्यात महाराष्ट्रातील शहरांत लोकरी कपड्यांची दुकाने मांडणारे तिबेटी विक्रेतेही अनेकांच्या ओळखीचे असतात. मात्र ‘तिबेटी’ हे विशेषण लावून विकली जाणारी प्रत्येक क्रिया त्या परंपरेची असतेच असे नाही. ‘पाच तिबेटी क्रिया’ म्हणून जगभर पसरलेल्या व्यायामाचा उगम पीटर केल्डर यांच्या १९३९ मधील एका छोट्या इंग्रजी पुस्तकात आहे आणि कोणत्याही तिबेटी ग्रंथात त्याला आधार सापडलेला नाही. त्या हालचाली उपयुक्त असू शकतील, पण त्यांना त्सिगजोंग समजणे चुकीचे ठरेल.

तिबेटी योगाच्या परिणामांविषयी वैद्यकीय पुरावा अद्याप मर्यादित आहे, आणि जो आहे तो काळजीपूर्वक वाचावा लागतो. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात तिबेटमधील बोन या धर्मपरंपरेतील त्रूलखोरवर आधारलेला अभ्यास लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या रुग्णांना सात आठवडे शिकवण्यात आला. ३९ रुग्णांच्या त्या चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार रुग्णांच्या झोपेत सुधारणा दिसली, परंतु चिंता, नैराश्य किंवा थकवा यांत स्पष्ट फरक आढळला नाही. सांध्यांच्या आजारावर त्सिगजोंग हा उपाय आहे असा दावा या आधारावर करता येत नाही. परंतु सांध्यांची नियमित, वेदनारहित हालचाल त्यांच्या आरोग्याला पोषक असते, ही गोष्ट आधुनिक वैद्यकाला पूर्ण मान्य आहे आणि सामान्य माणसाला तेवढा आधार पुरेसा आहे.

घोट्यापासून मानेपर्यंत

त्सिगजोंगच्या मूळ पाच हालचाली जाणत्या शिक्षकाकडूनच शिकाव्यात. मात्र त्यामागील तत्त्व आपल्याकडील परिचित संधिसंचालनालाही लावता येते. जमिनीवर पाय लांब करून, हात मागे टेकवून बसावे. नाकाने श्वास घेत, मनात चारपर्यंत मोजत पावले सावकाश आपल्याकडे ओढावीत, म्हणजे पोटरी ताणल्याचे जाणवते. मग चार मोजत श्वास सोडताना पावले पुढे ढकलावीत, म्हणजे घोट्याची पुढची बाजू उघडते. मोजणी संपण्याआधी पाऊल टोकाला पोहोचत असेल तर गती कमी करावी, आणि मोजणी संपूनही पोहोचत नसेल तर जेथवर पोहोचले तेथून समाधानाने परतावे. पाच-सात आवर्तनांनंतर घोटे गोलाकार फिरवावेत आणि याच रीतीने गुडघा, खुबा, मनगट, कोपर, खांदा व मान असे वर यावे. बोटांची टोके खांद्यावर ठेवून कोपरांनी हवेत मोठी वर्तुळे काढताना कोपर वर जाताना श्वास आत आणि खाली येताना बाहेर, एवढे सांभाळले की उखळातले मुसळ पूर्ण फिरते आणि छातीही मोकळी होते. मान मात्र मागे झोकून गरगर फिरवू नये. ती पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळी, हलकेच न्यावी.

सांधा लाल, गरम किंवा सुजलेला असेल, नुकतीच इजा किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, चक्कर येत असेल किंवा हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झाले असेल, तर आधी वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक आहे. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा गर्भारपण असताना श्वास रोखण्याचे अभ्यास करू नयेत. सहज श्वासावर केलेली सांध्यांची हालचाल मात्र बहुतेकांना झेपते. ताण जाणवावा, कळ जाणवू नये, ही मर्यादा सर्वांनाच लागू आहे. यवतमाळच्या उन्हाळ्यात पहाटेची वेळ योग्य, तर हिवाळ्यात सांधे थंडीने आवळलेले असल्याने दोन-चार मिनिटे चालून अंगात ऊब आणल्यावरच सुरुवात करावी.

वैरोचनांच्या ग्रंथपरंपरेने सांध्यांना अभ्यासाच्या आरंभी स्थान दिले आणि त्सोंगखापांच्या विवेचनात ते शेवटी आले, ही दोन स्थाने शेतकऱ्याच्या दिवसाला नेमकी लागू पडतात. पहाटे वेचणीला निघण्यापूर्वी दहा मिनिटे घोट्यापासून मानेपर्यंत सांध्यांना कामाची सूचना द्यावी, आणि संध्याकाळी ओटी सोडून, हातपाय धुऊन झाल्यावर पाठ हलकेच मागे वळवून, खांदे डोक्यामागे नेऊन दिवसभर बंद राहिलेल्या दिशा उघडाव्यात. हिमालयातील रेपाने अंगावर एक सुती वस्त्र घेतले ते वर्षानुवर्षांच्या साधनेने देह तयार केल्यानंतर. ज्या हातांनी तो कापूस पिकवला आणि वेचला त्या हातांच्या सांध्यांनाही तितक्याच आदराची सेवा मिळाली पाहिजे, आणि ती मिळवण्यासाठी अंगणातील सपाट जागा, सकाळ-संध्याकाळची दहा मिनिटे आणि स्वतःचा श्वास यांखेरीज दुसरे काही लागत नाही.